खालून दुर्बीण : तपासणी, ते सेंटर आणि दोन लिटर पाणी

मागच्या फेब्रुवारीत नागपूरच्या एका खासगी एंडोस्कोपी सेंटरमध्ये मी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून पाहायची तपासणी, करून घेतली. आमच्याकडे याला ‘खालून दुर्बीण टाकणे’ म्हणतात, आणि एवढे शब्द ऐकले तरी बायका पदर तोंडावर घेतात. सेंटरचं नाव लिहीत नाही. मला कुणाची जाहिरात करायची नाही, आणि तिथल्या काही गोष्टींबद्दल तक्रारही आहे. तपासणी मात्र कुठल्याही नीट ठिकाणी साधारण अशीच होते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तीन वर्षं लाजण्यात गेली, आता लाज नाही.

मी आर्णी तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. वय ४७. मला काहीच त्रास नव्हता. रक्त नाही, पोटदुखी नाही, वजनही घटलं नव्हतं. तरी गेले, ते दादामुळे.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. २०२० च्या उन्हाळ्यात त्याला संडासातून रक्त जायला लागलं आणि त्याला मूळव्याध आहे हे घरातल्या सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिखट खातो, दिवसभर ट्रॅक्टरवर बसतो, दुसरं काय असणार? आमच्या भागात रस्त्याला लागून ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ अशा पाट्या पावलोपावली आहेत. त्यातल्याच एका ठिकाणी दादा दोन वर्षं जात राहिला. मलम झालं, चूर्ण झालं, पथ्य झालं. या दोन वर्षांत हातमोजा घालून बोटाने तपासायचं एकाही माणसाला सुचलं नाही. दादाची गाठ गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात होती, बोटाला लागेल इतकी खाली. हे मला नंतर कळलं, आणि अजूनही भाकऱ्या थापताना मधेच ते आठवतं आणि हात थांबतो.

२०२२ च्या पोळ्याला त्याने बैल सजवले आणि तोरणाखाली नेताना कासरा धाकट्याच्या हातात दिला. तसं तो कधी करत नाही. घरी आल्यावर त्याचा पट्टा खुंटीला टांगलेला दिसला. दाभणाने पाडलेली दोन नवी भोकं होती त्याला. मी जिन्याखाली बसवून त्याच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं, ७.२ आलं.

आम्ही आशा लोक रोज एचबी एचबी करतो. गरोदर बाई, वयात आलेली पोरगी, पाळीत जास्त जाणारी बाई, यांचं एचबी कमी आलं की लोहाच्या गोळ्या देतो आणि ते बरोबरच आहे. पण बावन्न वर्षांच्या गड्याचं एचबी सात कसं येतं? त्याला ना पाळी ना बाळंतपण. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त असं कमी झालं तर बहुतेकदा ते कुठून तरी जात असतं, आणि कुठून जातंय हे शोधावंच लागतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर रक्त डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, शीमध्ये मिसळून जातं. माणूस फक्त थकत जातो. खाली, दारापाशी गाठ असेल तर लालभडक रक्त दिसतं, अगदी मूळव्याधीसारखं. म्हणून रंग पाहून कुणी निदान सांगत असेल तर ऐकू नका. महिन्या-दोन महिन्यांत शौचाची सवय बदलली, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, शी बारीक व्हायला लागली, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटेना, तर हीसुद्धा लक्षणंच आहेत.

दादाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात सापडला. गाठ आतड्याबाहेर लसिकाग्रंथींपर्यंत गेली होती. आधी शेक (रेडिएशन) आणि किमो, मग ऑपरेशन, मग परत किमो. आता त्याच्या पोटाला डाव्या बाजूला शी जमा होण्याची कायमची पिशवी आहे. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, पण वर्षभराचं जाणं-येणं, राहणं, खाणं, बुडालेला हंगाम, पिशव्या, हे सगळं घरातून गेलं. पावणेदोन एकर गहाण पडलं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी तिथल्या सर्जन मॅडमनी आम्हा भावंडांना बोलावलं. आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल यांच्यापैकी एकाला हा कॅन्सर झाला असेल तर बाकीच्यांनी चाळिसाव्या वर्षी तपासणी करायची, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते. दादाचं बावन्न, त्यातून दहा गेले बेचाळीस. म्हणजे आमच्यासाठी चाळीसच. मी तेव्हा चव्वेचाळीसची होते, म्हणजे चार वर्षं उशीरच झाला होता. दादाच्या गाठीचा नमुना पाठवून घराण्यात उतरणारा दोष आहे का तेही त्यांनी पाहिलं, तशी लक्षणं आढळली नाहीत. असा दोष असला तर बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही होऊ शकतो आणि तपासणी फार तरुणपणी सुरू करावी लागते, असं मॅडम म्हणाल्या. ज्यांच्या घरात आतड्याचे, गर्भाशयाचे दोन-तीन कॅन्सर झालेत त्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

हे सगळं ऐकून मी घरी आले आणि तीन वर्षं काही केलं नाही. आधी पेरणी, मग लसीकरण, मग सर्वे, मग पैसे. खरं कारण भीती. गावात घरोघर जाऊन तोंडाची तपासणी करा, स्तनाची करा, गर्भाशयमुखाची करा असं मीच सांगत होते. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी या तीन कॅन्सरची तपासणी आहे. आतड्याची नाही. त्यामुळे आतड्याबद्दल मला कुणी विचारत नव्हतं आणि मीही कुणाला विचारत नव्हते.

शेवटी दादाच म्हणाला, “बाई, तू नाही गेली तं मी पुढच्या किमोले जात नाही.” किमो कधीच संपली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण त्याचा आवाज ऐकून मी तूर घरात आल्यावर जायचं नक्की केलं.

आता तपासणीबद्दल.

यात सगळ्यात अवघड काय, तर पोट साफ करणं. दुर्बिणीचं मुळीच नाही. म्हणून यावरच जास्त लिहिते, कारण कुठल्याही कागदावर हे आपल्या घरांचा विचार करून लिहिलेलं नसतं. सेंटरने व्हॉट्सॅपवर यादी पाठवली. तीन दिवस आधीपासून पालेभाजी नाही, बियांची फळं-भाज्या नाहीत, सालीची डाळ-कडधान्यं नाहीत. म्हणजे आमच्या घरातलं काय काय गेलं ते पाहा. ज्वारीची भाकर गेली, अंबाडीची भाजी गेली, वांगं, टमाटर, पेरू गेले, जवसाची आणि तिळाची चटणी गेली. जवस-तीळ तर मुळीच नको, बारीक दाणे दुर्बिणीच्या काचेला चिकटतात. मी तीन दिवस मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, ताक, उकडलेला बटाटा आणि रव्याची खीर यांवर राहिले. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायला सांगितल्या, कारण त्याने आतून काळा थर दिसतो. रक्त पातळ करायच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं पातळ. लाल सरबत नको, आत ते रक्तासारखं दिसतं.

आमच्या गावाहून यवतमाळ, तिथून नागपूर, एसटीने सगळं मिळून सहा तास जातात. जुलाबाचं औषध घेऊन एसटीत बसता येत नाही हे उघड आहे. सेंटरने सकाळी आठची वेळ दिली होती. मी फोन करून सांगितलं की मी बाहेरगावची आहे, दुपारची द्या. मिळाली. आदल्या दिवशी मी नणंदेकडे मानेवाड्याला गेले. ज्यांचं नागपुरात कुणी नाही त्यांनी दवाखान्याजवळ एक रात्र खोली घ्यावी, पण संडास खोलीतच हवा. यात पैसे वाचवू नका.

पावडरचं पाकीट दोन लिटर पाण्यात मिसळायचं. एक लिटर आदल्या संध्याकाळी, एक लिटर तपासणीच्या दिवशी पहाटे. चव खारट आणि गुळमट, जशी ओआरएस पाकीट जास्त घट्ट झाल्यावर लागते तशी. नणंदेने माठातलं गार पाणी घेतलं, लिंबू पिळलं, आणि स्टीलच्या पेल्याने दर पंधरा मिनिटांनी एक पेला असं सुरू केलं. तिसऱ्या पेल्याला मळमळलं. तिने अर्धा तास थांबवलं, अंगणात फिरवलं, लिंबाची फोड चोखायला दिली. तासाभरात सुरू झालं. पहिल्या दोन वेळा घट्ट, मग पातळ, मग नुसतं पाणी. रात्री अकराला थांबलं. पहाटे पाचला परत. सकाळी नऊ वाजता नितळ, पिवळसर, लघवीसारखं पाणी जायला लागलं. तेव्हा समजायचं की आतडं साफ झालं. गढूळ असेल तर सेंटरला आधीच फोन करा. आतडं साफ नसेल तर आतल्या अस्तरावर उगवलेले बारीक कोंब दिसत नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते.

एक सूचना आमच्या भागातल्यांना. घाई नसेल, नुसती चाचणी म्हणून जात असाल, तर मे महिन्यात करू नका. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात हे जुलाब माणसाला आडवं करतील. दिवाळी ते होळी हा काळ बरा. रक्त जात असेल तर मात्र ऋतू पाहू नका.

सोबत माणूस लागतोच. झोपेचं इंजेक्शन देतात, त्यानंतर एकटीला सोडत नाहीत. माझ्यासोबत दादा आला. शर्टाच्या आत पिशवी, हातात माझी फाईल. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका अकोल्याकडच्या काकांना तो अर्धा तास समजावत होता की काही होत नाही. स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगत होता, “मी हे केलं असतं तं हे नसतं.”

मला वेळ दीडची दिली होती, आत घेतलं साडेचारला. उपाशी, तहानलेली, आणि सगळ्या तपासणीवाल्या बायकांसाठी एकच संडास, त्याची कडी तुटलेली. दादा दाराबाहेर पाठ करून उभा राहिला म्हणून निभावलं. ज्या सेंटरमध्ये रोज जुलाब झालेली माणसं येतात तिथे ही गोष्ट लहान नाही. दुसरी तक्रार संमतीच्या कागदाची. चार पानं इंग्रजीत, आणि ‘इथे सही करा’. मी म्हटलं, आधी समजावून सांगा. मग एक तरुण डॉक्टर आला आणि त्याने नीट सांगितलं. फार क्वचित आतड्याला छिद्र पडू शकतं, कोंब काढला तर नंतर रक्त जाऊ शकतं, तसं झालं तर लगेच यायचं. सांगितल्यावर भीती कमीच झाली. पण मी आशा आहे म्हणून विचारलं. माझ्या गावातली दुसरी बाई सही करून मोकळी झाली असती.

आत मात्र सगळं चांगलं होतं. सिस्टर बाई होती, तिने मागून उघडा असतो तो गाऊन दिला आणि वरून पूर्ण चादर टाकली. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. लागतं तेवढाच भाग उघडा. हाताला सुई, मग डोळे जड झाले. मधे एकदा पोटात गॅस भरल्यासारखी कळ आली आणि सिस्टरने पोटावर हात दाबून धरला, एवढंच आठवतं. शेवटी शेवटी मी जागी झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “ताई, पाहायचं का?” आणि पडदा माझ्याकडे वळवला. मोठं आतडं जवळपास पाच फूट लांब असतं. आतून गुलाबी, ओलं, चकचकीत, घड्याघड्यांचं. वासराने तोंड उघडल्यावर वरचा टाळू दिसतो ना, तसं. माझ्या आत इतकं स्वच्छ काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि एका घडीआड एक कोंब. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, बुटक्या देठावर. आठ मिलिमीटर. डॉक्टरांनी बारीक तारेचा फास टाकला, आवळला, तो सुटून आला. काही दुखलं नाही. आतड्याच्या आतल्या त्या अस्तराला कापल्याचं कळतच नाही म्हणे. झाकणाच्या बाटलीत टाकून वर माझं नाव लिहिलं.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण या तपासणीचं सगळं मोल इथेच आहे. आतड्याचा बहुतेक कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी असा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप कॅन्सर होत नाहीत. पण ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं तो तिथे गुपचूप बसलेला असतो, दुखत नाही, बहुतेकदा रक्तही देत नाही. त्या काळात सापडला तर काढून टाकता येतो आणि होणारा कॅन्सर होतच नाही. आतड्याची ही दुर्बीण रोग शोधते आणि त्याच हाताने रोगाचं बी पण उपटते. आणि कॅन्सर झालेला असला, पण आतड्याच्या भिंतीतच असताना सापडला, तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे शंभरातले नव्वदच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही असतात. यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर ते पंधराच्या आसपास येतं. रोग तोच, फरक फक्त कधी सापडला याचा.

दहा दिवसांनी बायोप्सी, म्हणजे त्या कोंबाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. अॅडेनोमा, म्हणजे पुढे जाऊन बिघडू शकणाऱ्या जातीचा कोंब. कॅन्सर नाही. पूर्ण निघालेला. भावाचा इतिहास आहे म्हणून पाच वर्षांनी परत. घरात कुणाला नसेल आणि तपासणी स्वच्छ आली, तर साधारण दहा वर्षं पाहावं लागत नाही.

मला एकूण खर्च आला आठ हजार सातशे. त्यात तपासणी, झोपेचं इंजेक्शन, कोंब काढणं, बायोप्सी आलं. जाणं-येणं वेगळं. मी महिनोन्‌महिने थोडे थोडे बाजूला ठेवले होते. ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी आधी सरकारी ठिकाणी विचारावं. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा आहे, कॅन्सरसाठी राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे. चकरा जास्त होतील, पण विचारा.

आणि सगळ्यांनाच दुर्बीण लागते असं नाही. माझ्या घरी यांचं वय ५१, त्यांच्याकडे कुणाला हा आजार नाही. त्यांची शीची साधी तपासणी केली, तिला फिट म्हणतात. छोट्या बाटलीच्या झाकणाला काडी असते, ती शीमध्ये दोन-चार ठिकाणी टोचून परत बाटलीत बंद करायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. पथ्य काही नाही. दरवर्षी करायची. दोष आला तर मात्र दुर्बीण करावीच लागते, तिथे ‘परत एकदा फिट करून पाहू’ चालत नाही. रक्त जातच असेल, किंवा सख्ख्या माणसाला झाला असेल, तर फिटवर थांबू नये. अमेरिकेत आता पंचेचाळीसपासून तपासणी सुरू करतात, आधी पन्नास होतं. २०२१ मध्ये त्यांनी ते खाली आणलं, कारण तरुण माणसांत हा कॅन्सर वाढलेला दिसला. आपल्या देशात त्यांच्यापेक्षा प्रमाण कमी आहे हे खरं आहे. पण गावात मला लोक म्हणतात, आपण भाकर-भाजीवाले, आपल्याले हा रोग होत नाही. दादा भाकर-भाजीच खात होता. सोबत बिडी होती, आणि शेवटच्या काही वर्षांत रोज संध्याकाळची दारू. या दोन्हींनी धोका वाढतो. वाढलेलं पोट, बसून राहणं, त्यानेही वाढतो. आणि यातलं काहीच नसलेल्यालाही होतो.

सेंटरला पाचपैकी साडेतीन. डॉक्टर, सिस्टर, आतली खोली पूर्ण पाच. संडासाची कडी आणि इंग्रजी कागद यांनी दीड कापला. मी दोन्ही गोष्टी त्यांच्या वहीत मराठीत लिहून आले आहे. तपासणीला पाचपैकी पाच.

आल्यापासून गावात तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं. एक अठ्ठावन्न वर्षांचे मामा चार महिने रक्त लपवून होते, त्यांना पाठवलं. मूळव्याधच निघाली, खरी, दुर्बिणीने पाहून सांगितलेली. ते पेढे घेऊन आले.

राहिला माझा धाकटा भाऊ. हिंगणघाटला जिनिंगमध्ये आहे, वय ४१. त्याचीही वेळ होऊन गेली. फोनवर म्हणतो, “ताई, मले काही झालं नाही, मंग कायले?” मी त्याला माझ्या बाटलीतल्या कोंबाचा फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला, “ते पावडर लय खारट लागते का?” कापसाचा पहिला वेचा झाला की तो सुट्टी काढणार आहे. नणंदेला सांगून ठेवलंय. लिंबं मी घरूनच नेईन.